माय ऐकू लागली तेव्हा

माझ्या आईला आम्ही माय म्हणतो. तिचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी फाटकाची कडी ऐकू येईनाशी झाली, मग कुकरची शिटी, मग आम्ही. शेवटी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच तिला काही कळायचं, आणि ओरडायचा कंटाळा माणसाला फार लवकर येतो. तो मला आला. पुढे पुढे जेवणाच्या टेबलावर माय मध्ये बसायची, मी आणि बायको दोन बाजूंना, आणि आमचं बोलणं तिच्या डोक्यावरून चालायचं. ती माशाचे काटे काढत बसलेली असायची. कोणी हसलं की तीही हसायची.

त्याच टेबलावर काजूची बाग विकायचं ठरलं. दोडामार्गजवळ आमच्या घरामागच्या उतारावर ती बाग आहे आणि ती मायच्या नावावर आहे. रबर लावणाऱ्या एका माणसाने ती मागितली होती. माय देणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण ती कलमं तिने आणि माझ्या वडिलांनी लावलेली. म्हणून मी वेगळा मार्ग काढला. मुखत्यारपत्र तयार करून घ्यायचं, ‘काजूच्या विम्याचा कागद आहे’ असं सांगून त्यावर तिची सही घ्यायची. हे मी बायकोला मायच्या समोर बसून, भात कालवता कालवता सांगितलं. कागद तयार होऊन कपाटात आलाही.

त्याच दिवसांत एका रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये कान तपासायचं शिबिर लागलं. गोव्यातल्या एका हॉस्पिटलचं संशोधन चालू होतं. तपासणारी मुलगी साताऱ्याकडची होती, शुद्ध मराठीत सावकाश बोलणारी. तिने समजावून सांगितलं की काही जणांना ती स्वतः मशीन कानाप्रमाणे बसवून देणार, काहींना तयार मशीन मिळणार आणि ती त्यांनीच कमीजास्त करून घ्यायची. कोणाला काय, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकून ठरवणार. कोणत्याच मशीनचा उपयोग होत नाही असे जे निघतील, त्यांची ऑपरेशनसाठी तपासणी होणार. कानामागे चीर देऊन आत खोलवर बारीक तार बसवतात, ते ऑपरेशन.

मी गोव्यात एका औषधाच्या कारखान्यात स्टोअरला आहे, रोज हद्द ओलांडून जातो-येतो. फुकट काही मिळत नसतं, एवढं शिक्षण त्या नोकरीने दिलंय. मी विचारलं, फुकट का? कंपनीचा काय फायदा? बिघडली तर भरपाई कोण देणार? आणि चिठ्ठी कशाला टाकता, कोणाला काय द्यायचं ते डॉक्टरला कळत नाही?

“कळत असतं तर संशोधन कशाला केलं असतं, काका?” ती म्हणाली.

उत्तर सरळ होतं. सरळ उत्तराचा मला जास्तच संशय आला. संमतीचा कागद मी ओळीखाली बोट धरून वाचला. म्हाताऱ्या बाईची सही गोड बोलून कशावर घेतात, ते शोधत होतो. सापडलं काहीच नाही. बाहेर आल्यावर बायको, जी मालवणची आहे आणि मनात काही ठेवत नाही, एवढंच म्हणाली, “घरचो कागद पण असोच वाच मरे एकदा.”

मायच्या वाट्याला बसवून दिलेली मशीन आली, दोन्ही कानांना एकेक. देताना ती मुलगी सहज म्हणाली, की आजी किती वेळ मशीन घालतात, कसल्या आवाजात असतात, याची नोंद मशीनमध्ये होत राहते. पुढच्या खेपेला आम्ही ती काढून बघतो.

नोंद. बाकी सगळं खोदून विचारणारा मी, यावर मात्र एक शब्द बोललो नाही. विचारलं असतं तर तुम्हाला का हवंय, असा प्रश्न आला असता. गाडीत बसेपर्यंत माझी खात्री झाली होती, की आमच्या घरातलं बोलणं त्या शेंगदाण्याएवढ्या डबीत भरलं जाणार आणि तिकडे कोणीतरी बसून ते ऐकणार.

पहिल्या संध्याकाळी माय स्वयंपाकघरात दचकून उभी राहिली. “ह्यां कोण हुंहुं करता गो?” तिने सुनेला विचारलं. फ्रीज होता. फ्रीजला आवाज असतो हे ती विसरून गेली होती. किती तरी वेळ ती हसत होती. मग जेवायला आली, ताठ बसली, आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग सुनेच्या. मग परत माझ्या.

आम्ही जेवलो. आमटी हवी तर मी बोट दाखवलं.

तेव्हापासून आमचं घर तसंच झालं. बोलायचं तर आम्ही मागे कोंबड्यांच्या खुराड्याकडे जायचो. एकाच छपराखाली मोबाइलवरून एकमेकांना लिहायचो. बायकोला हे जमत नव्हतं. तिच्या तोंडून शब्द सुटला की मी डोळे वटारायचो. “त्या डबीतलां कोण ऐकता? माय का डॉक्टर?” तिने खुराड्यापाशी एकदा विचारलं. मी म्हटलं, दोघंही. खरं तर डॉक्टरची भीती निमित्ताला होती. इतकी वर्षं जिच्यासमोर काहीही बोललो ती आता ऐकेल, ही खरी भीती होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, आधीचंही तिने ऐकलं असेल का, हा विचार. मी तिच्याकडे चोरून बघायचो. ती माझ्याकडे उघड बघायची.

माय मशीन सकाळी घालायची ती झोपेपर्यंत काढायची नाही. हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा तिने सांगितलं, मशीन बरी आसा, पण ऐकूक काय येना नाय. तिकडून उत्तर आलं की या, तपासू, आणि गरज वाटली तर ऑपरेशनचंही बघू. फोन ठेवल्यावर माय कानामागे हात फिरवत राहिली. तिला मधुमेह आहे, साधी जखमही लवकर भरत नाही. ऐकू का येत नाही ते मला माहीत होतं आणि मी गप्प होतो. आपण सांगायला नको, तपासणीतच काय ते कळेल, अशी मनाची समजूत घातली.

कळलंही. बंद खोलीत त्या मुलीने मायला शब्द ऐकवले, मायने ते परत म्हणून दाखवले, एखाददुसरा सोडला तर सगळे बरोबर. ऑपरेशनची काही गरज नाही, मुलगी म्हणाली. पण तिचा चेहरा कोड्यात पडल्यासारखा होता. मशीन तारेने कॉम्प्युटरला जोडून तिने पडद्यावर रंगीत पट्टे काढले. शब्द नव्हते. मशीनने एकही शब्द साठवला नव्हता. भोवती शांतता, गोंगाट की बोलणं, एवढंच ती ओळखत होती. पडदा इथून तिथून शांततेच्या रंगाचा होता.

“आजी मशीन दिवसभर घालतात,” ती मला म्हणाली, “पण त्यांच्याजवळ कोणी बोलतच नाही. फक्त रोज संध्याकाळी, ठरल्या वेळी, थोडंसं बोलणं दिसतं. ते काय असतं?”

तो तेर्स होता. आमच्यात संध्याकाळी घरातल्या आल्तारासमोर गुडघे टेकून माळेची प्रार्थना मोठ्याने म्हणतात. ती सोडायची हिंमत मला झाली नव्हती. तिच्या कानावर आमचा आवाज पडत होता तो तेवढाच, आणि तोही दुसऱ्याशी बोललेला.

मी उत्तर द्यायच्या आधी माय बोलली. तिने सगळं ऐकलं होतं. “घरात सगळी बोलतत,” ती त्या मुलीला म्हणाली. “मीच भायर बसतंय.”

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी पट्ट्यांकडे बघत राहिलो.

परतीच्या वाटेवर, हद्दीवरचा नाका गेल्यावर, मायने दोन्ही कानांतल्या मशिनी काढल्या, सोबत मिळालेल्या डबीत ठेवल्या आणि झाकण दाबलं. “आता बोला तुमी,” ती म्हणाली. “माका ऐकूक येवचां नाय.”

एवढ्यावर मी सुधारलो असं कोणाला वाटेल. नाही. डबी बंदच राहिली, आणि त्या रात्री टेबलावर पुन्हा बोलणं सुरू झालं. मला बरं वाटलं. पुढच्या फोनला मायच्या वतीने मीच सांगितलं की त्यांना नको झालंय, उपयोग नाही. मुलगी म्हणाली, मग तसं कारण लिहिते. म्हणजे माझं खोटं त्यांच्या अभ्यासात जाऊन बसलं. उद्या कोणी तरी ते वाचून म्हणेल, या वयाच्या बाईला मशीन देऊन फायदा नसतो. पाद्रींपुढे गुडघे टेकून मी दुसरी पापं सांगितली. हे नाही सांगितलं.

रबरवाल्याची घाई वाढली तेव्हा मी तो कागद घेऊन सोप्यात मायजवळ बसलो. विम्याचो कागद, असं म्हणायला तोंड तिच्या कानाशी नेलं. तिने मान माझ्याकडे कलती केली आणि डोळे मिटले, नीट ऐकू यावं म्हणून. पेन तिने आधीच हातात घेतलं होतं. मला ते खोटं ओरडता येईना. कुजबुजत सांगण्यासारखं ते होतं, आणि कुजबुज तिला पोचत नव्हती.

मग मी खरं ओरडलो. “काजीची बाग विकूक काढलंय. तुका फसवन सय घेवक बघी होतंय.”

शेजारीण अंगणात पानं झाडत होती, तिचा झाडू थांबला. मायने डोळे उघडले नाहीत. “आजून एकदा सांग,” ती म्हणाली.

मी आणखी एकदा ओरडलो. बायको दारात येऊन उभी राहिली. मायने पेन माझ्या खिशाला लावलं, उठली आणि आत गेली. तो कागद मी चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला फोन करून तो संध्याकाळचा पट्टा कसला होता आणि बाकीची शांतता कोणाची होती ते सांगितलं. मग तिने विचारलं, असं लिहिलं तर चालेल का? मी म्हटलं, लिहा. नको म्हटलेली मशीन परत न्यायची असते, ते तिने लांबवलं.

बाग आहे तिथेच आहे. माय आता जेवताना मशीन घालत नाही. आम्ही मुद्दाम तिच्याशी बोलतो, ती मान हलवते, काटे काढते. पण माझा फोन वाजला आणि मी तो घेऊन अंगणात गेलो, की ती डबी उघडते, दोन्ही कानांत मशिनी घालते आणि उंबऱ्यावर येऊन बसते. मी कोणाशी काय बोलतो ते शेवटपर्यंत ऐकते. मी आवाज खाली करत नाही.