बिल्ला आत, मी बाहेर

मोदक द्यायला म्हणून गेले आणि एक अख्खा डोंगर सव्वा तास खोळंबवून ठेवला, हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं कर्तृत्व. तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे होतं. केस रंगवलेले, अक्कल मात्र अजून कोवळी.

दोन हजार बारा-तेराची गोष्ट. आम्ही मस्कतला दार्सैतमध्ये राहायचो. हे चुनखडीच्या खाणीचे मॅनेजर, त्यामुळे आठवडाभर डोंगरातल्या कॅम्पवर आणि सुट्टीपुरते घरी. त्या वर्षी दीड दिवसाचा गणपती आला आणि गेला, पण हे आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, "उद्या सुरुंग आहे." जसा काही सुरुंग म्हणजे यांचा थोरला जावई! दुसऱ्या दिवशी सकाळी मी फणकाऱ्याने एकवीस मोदक डब्यात भरले, मस्कतमधल्याच रुवी भागातल्या यांच्या ऑफिसातून सामान घेऊन निघालेल्या गाडीत बसले आणि अडीच तासांनी खाणीच्या फाटकावर उतरले.

मला बघून यांचा चेहरा पडला. रखवालदाराला म्हणाले, "ही आमच्या घरची." बस्स. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नाही, ही यांच्या घराण्याची रीत. मग मला हेल्मेट घातलं, पितळेचा एक बिल्ला हातात दिला आणि फाटकाजवळच्या बोर्डाच्या खिळ्यावर तो मलाच अडकवायला लावला. बोर्डावर बिल्ला म्हणजे माणूस आत.

"जाताना तुझ्या हाताने काढायचा. दुसऱ्या कुणी काढलेला चालत नाही."

"देवळात चपलांचा बिल्ला देतात तसंच ना?" मी म्हटलं.

हे हसले नाहीत. तेव्हाच समजायला हवं होतं.

आत एका शेडमध्ये मला बसवलं. समोर दगडाची उभी भिंत, पाच मजली इमारतीएवढी. तिच्या माथ्यावर ओळीने भोकं पाडून त्यांत दारू भरणं चाललेलं. मोदकाचा डबा माझ्या मांडीवर, आणि यांचा कान वॉकीटॉकीला. खालच्या गावात हादरे मोजायचं यंत्र लावलं का? गावाच्या पाण्याच्या पाटाची पातळी बघितली का? (तो पाट पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्याला तडा गेला तर गावाची खजुरी वाळेल, म्हणून प्रत्येक सुरुंगाआधी आणि नंतर गावातल्या एका म्हाताऱ्यासमोर पाणी मोजायचं.) वारा कुठला आहे? रस्त्यावर टँकर फिरला का, धुरळा बसला का? जुना खड्डा बुजवून लावलेल्या झाडांनासुद्धा त्या दिवशी पाणी घातलं की नाही, विचारून झालं. बायको जेवली का, एवढंच राहिलं.

मी डबा बाकावर आपटला आणि उठले. फाटकाकडे जायचं तर उन्हात चढण. शेडमागून एक शेळ्यांची पायवाट थेट कॅम्पच्या मुदपाकखान्याशी उतरत होती. तिथे भाजी आणायला रुवीला निघालेला पिकअप उभा होता. ड्रायव्हर ओमानी, पोक्त माणूस. मी मोडक्या हिंदीत म्हटलं, "मस्कत?" तो म्हणाला, "यल्ला," म्हणजे चला. मी बसले. त्याला वाटलं, मी कॅम्पवरूनच आले. खजूर खात, यांना मनातल्या मनात बोल लावत मी निघाले. बिल्ला? बिल्ला गेला उडत.

डोंगरात फोनला रेंज नव्हती. मोठ्या रस्त्याला लागलो आणि फोन थरथरायला लागला. सतरा मिस्ड कॉल. अठरावा उचलला. पलीकडे खाणीच्या ऑफिसातल्या तारेच्या फोनवरून टाइमकीपर, रडकुंडीला आलेला.

"काकू, तुम्ही कुठे आहात?"

"गाडीत. का रे?"

त्याने फोन तोंडापासून लांब धरला. मग कुणाला तरी ओरडून म्हणाला, "सापडल्या! सापडल्या!" तेव्हा कुठे माझ्या हातातला खजूर खाली पडला.

परतताना ड्रायव्हरला मी एवढंच सांगू शकले, "बोर्ड. बिल्ला." त्याला कळलं असावं. त्याने गाडी अशी हाणली की मी हेल्मेट घट्ट धरून बसले. हो, हेल्मेटही घेऊन निघाले होते.

फाटकाबाहेर सगळी खाण उभी होती. ड्रिलवाले, डंपरवाले, स्वयंपाकी. समोरच्या शिखरांवर ढग काळे पडले होते. वीज चमकली तर भरलेली दारू कुणाचंच ऐकत नाही, आणि ती रात्रभर तशी ठेवताही येत नाही. माणसं हटवून सव्वा तास झाला होता. बोर्डावर एकच बिल्ला लोंबत होता. माझा.

हे पुढे आले. अंगभर पांढरी धूळ, पापण्यांवरसुद्धा.

"काढ," एवढंच म्हणाले.

मी बिल्ला काढला. काढताना तो खिळ्यावर दोनदा वाजला. कुणी हसलं नाही. मग भोंगा झाला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लांब.

आधी दिसलं, मग ऐकू आलं, मग तळपायांना कळलं. ती पाच मजली भिंत उतू जाणाऱ्या दुधासारखी जागच्या जागी वर आली, क्षणभर तशीच राहिली आणि कुणाला धक्का न लावता पायाशी बसली. वाऱ्याने धुरळा गावापासून उलट्या दिशेला नेला. खालून वॉकीटॉकीवर आवाज आला, हादरा ठीक, पाटाचं पाणी तेवढंच. यांनी डोळे मिटले. मी एवढी वर्षं समजत होते की माझा नवरा डोंगर फोडतो. तो त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसला. त्याने बोट उचललं तर डोंगर उठत होता, आणि एका पितळी चकतीसाठी त्याने ते बोट उचललं नव्हतं.

हे बोर्डापाशी जाऊन रिकामे खिळे मोजत बसले. मी शेडमधून आणवलेला डबा उघडून सगळ्यांपुढे फिरवत होते, तोंड लपवायला दुसरं काही नव्हतंच. सुरुंग उडवणारे भाई रत्नागिरीकडचे, दाढी पिकलेली. त्यांनी मोदक घेतला, पण खाल्ला नाही.

"बाकीच्यांना मागे ठेवून सायेब एकलेच खाली गेलेले, दारूच्या भिंतीखाली, तुमाला शोधायला," ते हळूच म्हणाले. "वैनी, इतकी वर्सं झाली, आज आमाला तुमचा नाव कलला. सायेबानी तीनदा हाक मारल्यान, आनि डोंगरान पन तीनदा परत सांगितलान."