कुंपणावरून इथिओपिया

लॉकडाऊनमध्ये ब्लॅकटाउनच्या घरातून मी अख्खा इथिओपिया पाहिला, तोही फुकट! कुंपणापलीकडचा शेजारी दर शनिवारी अंगणात बिया भाजून कॉफी करायचा आणि गाइडच्या थाटात मला आपला देश दाखवायचा. डोंगरकड्यांवरची आयाळवाली माकडं तर तो नाचूनच दाखवायचा.

"अख्खं चर्च एका खडकात कोरलंय, मेट! वरून खाली!"

"मग आमच्या वेरूळला ये," मी मिशीवर ताव द्यायचो, आणि आमची जुंपायची.

पहिला कप संपवून मी उठलो की मात्र तो खवळायचा. "बस खाली! आमच्याकडे कॉफी तीनदा. आशीर्वाद तिसऱ्या कपात असतो." मी गुमान बसायचो. तिकडे डोंगरातल्या गावात त्याची म्हातारी आई वाट पाहत होती, आणि इथून विमानं बंद.

अखेर सीमा उघडल्या. निघायच्या दिवशीही त्याने कॉफी केली. दुसरा कप झाला, दारात टॅक्सी आली आणि हा गृहस्थ चक्क उठला!

"अरे, तिसरा?" मी ओरडलो.

कॉफीचं भांडं कुंपणावरून माझ्या हातात देत तो हसला. "तुझा ओतून घे. माझा आईच्या हातचा."