रांजणाकडे वळलेले आजोबा

'संस्कृती समजून घेऊ या' असं टोप्यांवर छापून आमची टोळी मलेशियातल्या एका खेड्यात उतरली होती. नमाजासाठी हातपाय धुऊन निघालेले एक मलय आजोबा आम्हाला पाहून थांबले. आमच्यातल्या बायकांकडे बघून त्यांनी लांबूनच छातीवर हात ठेवला. इतकं पुरेसं स्वागत मी क्वचितच पाहिलंय.

"अहो आजोबा, शेकहँड! व्हिडिओ चालू आहे!" म्हणत एका काकूंनी त्यांचा हात धरून गदागदा हलवला.

परक्या बाईचा स्पर्श झाला की तिथल्या रीतीने नमाजाआधीची शुद्धी मोडते. अजान चालू असतानाच आजोबा हसून पुन्हा पाण्याच्या रांजणाकडे वळले.

"बघा, किती स्वच्छ माणसं!" काकू म्हणाल्या.

याच काकू सोवळ्यात असताना कोणी शिवलं, तर घर डोक्यावर घेतात. दुसऱ्याचं सोवळं मात्र आपल्याला पाहण्यासारखं दृश्य वाटतं.

आमची माणसं अडाणी होती, असं मी आजवर सांगत आलो. त्या टोळीचा वाटाड्या मी होतो, आणि आजोबा का वळले ते मला ठाऊक होतं.

तरी मी काकूंना म्हणालो होतो, "हो ना, फारच स्वच्छ."