महाराजांची चिलीम

ईश्वर माणसाला व्यसनातून सोडवतो, यावर माझी पूर्ण श्रद्धा आहे. फक्त त्याने माझ्याआधी माझ्या साडूला सोडवलं, हे मला आवडलं नाही.

साडू रामाकोना गावचा. बिडी त्यानेच मला शिकवली होती. आता कोणी बंडल पुढे केलं की छाती काढून म्हणायचा, "आपण पेतच नाही." सोडली म्हणत नसे; जणू जन्मतःच निर्व्यसनी. बायको मला ऐकवायची, "भाऊजी पाहा, चेहरा कसा उजळून राहिला त्यायचा!" मला तर तो तसाच दिसायचा, थोडा जाड.

डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून मला शेवटचं बजावलं होतं. पण माझी अडचण वेगळी होती. पांढुर्ण्यात आमच्या महाराजांच्या समाधीपुढे दर गुरुवारी आरतीनंतर पेटती चिलीम ठेवतात. ती दोन झुरके ओढून पेटवायचा मान माझा. गावात मला चिलीमवाले काका म्हणतात. पेन्शनीत निघालेल्या कारकुनाला दुसरं कोण काय म्हणणार? आठवडाभर दम धरायचो आणि गुरुवारचे दोन झुरके मला पुन्हा बंडलापाशी नेऊन सोडायचे. बिडी सुटली तर मान जाणार, मान गेला तर मी कोण उरणार, हे मला कळत नव्हतं.

एका गुरुवारी साडू आला. मठाच्या अध्यक्षांनी त्याला पुढे बसवलं, शाल दिली. मी जळत्या मनाने चिलीम ओढली आणि असा ठसका लागला की निखारा सतरंजीवर पडला. अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या बारीपासून पाहुण्यायलेच मान देऊ. निर्व्यसनी माणूस हाय." निर्व्यसनी माणूस चिलीम कशी ओढणार, हे त्यांना सुचलं नाही. साडू मात्र लगेच सरसावून बसला. मी डोळे मिटून महाराजांना म्हणालो, काहीही करा, पण याला देऊ नका. याहून पवित्र प्रार्थना मला त्या वेळी जमली नाही.

तेवढ्यात मागून पिशवी घेतलेला एक अनोळखी माणूस बोलला, "काका, चिलीम महाराजायची हाय ना? मंग तुमी काऊन ओढून राहिले? त्यायची ते ओढतीन."

लोक हसले. मी मात्र निखारा पुन्हा चिलमीवर ठेवला, आरतीच्या पंख्याने वारा घातला. वेळ लागला, पण धूर निघाला. अध्यक्षांनाही ते पटलं; मान माझ्याकडेच राहिला. इतकी वर्षं मी महाराजांच्या वाट्याचं ओढत होतो. त्यांचं त्यांना दिलं, एवढीच माझी शरणागती. पुढे चहाच्या टपरीवर कोणी बिडी दिली तेव्हा तोंडातून आपसूक निघालं, "आपण पेत नाही." शब्द साडूचे होते, याचं अजून वाईट वाटतं.

महाराजांनीच त्या माणसाला धाडलं, असं मी मानतो. नंतर तो मला तिगावच्या स्टेशनावर दिसला. डोळे भरून आले. पाया पडावं म्हणून मी वाकलो.

त्याने काडीपेटी मागितली.