मांडवाची केळ आणि माझं पुस्तक

मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या सुमारास मी बुरहानपुरात मास्तरीण होते आणि चार पुस्तकं वाचून शिंगं फुटल्यासारखी वागत होते. सुट्टीत शाहपूरला घरी आले ती वाचनालयातलं एक जाडजूड पुस्तक घेऊनच. इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. स्वराज्यात तो कायदा गेला, पण चोरी कुठेही होवो, पोलीस अजून आधी त्यांच्याच पालांवर जातात, असं त्यात लिहिलं होतं. माझा संताप संताप झाला. रोज ओट्यावर बसून मी बाबांना पानंच्या पानं वाचून दाखवायची. आमच्या केळीच्या बागेचा राखणदार त्याच जमातींपैकी, पारधी होता. तोही पायरीवर बसून ऐकायचा, आणि आपण केवढं मोठं काम करतोय असं मला वाटायचं.

चुलतबहिणीच्या लग्नाच्या सकाळी बागेत गेले, तर केळीची दोन झाडं घडांसकट कापून नेलेली. बाबा लग्नघरी होते. मी तडक चौकी गाठली. संशय कोणावर, असं जमादाराने विचारलं आणि माझ्या तोंडून राखणदाराचं नाव निघालं. त्याने ते कागदावर लिहून घेतलं. तासाभरात त्याला धरून नेलं.

दुपारी नटूनथटून लग्नघरी पोचले आणि मांडवाच्या दारातच थबकले. दोन्ही बाजूंना घडांसकट केळी उभ्या होत्या. एका घडाला माझ्या जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी होती. वाऱ्याने घड मोडू नये म्हणून मीच ती बांधली होती. आमच्याकडे मांडवासाठी भावबंदांच्या बागेतून केळ नेताना कोणी विचारत नाही, विचारलं तर उलट राग येतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

बाबांना सांगितलं. ते तसेच उठले. फेट्यानिशी चौकीवर गेले आणि राखणदाराला बरोबर घेऊनच परतले. मागोमाग जमादारही आला, आमंत्रण त्यालाही होतंच. बाबांनी दोघांना पंगतीत शेजारीशेजारी बसवलं. राखणदाराने पंगतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

“जमादारसाब, घड कापनारे समदे इथंच जेवून राह्यले,” तो म्हणाला. “आता कोनाकोनाले नेता?”

हशा पिकला. चुलत्यांना ठसका लागला, जमादारही मान खाली घालून हसला. मीही पोट धरून हसले, इतका जीव भांड्यात पडला होता. मग जिलबी वाढत त्याच्या पानापाशी आले आणि शरमेने कान तापले. तरी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “नाव मी घेतलं होतं.”

“ठावं हाय, बाई,” तो म्हणाला. “जमादारसाबनं वाचून दाखवलं मले. वाढा जिलबी.”