ताईचा तुरेवाला किडा

शकूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कपाशीत बोंडं फोडून गुलाबी अळी शोधत होतो. महिना होत आला, तरी तो फोन आठवला की रडू येतं आणि लगेच हसूही... कारण ताईच्या कामात सगळ्यात मोठा घोळ घातला तो मीच, आणि तोही ह्याच अळीपायी.

आमचं गाव घाटंजीजवळ. समुद्र आम्ही पाहिला तो शाळेच्या नकाशात. आणि माझी थोरली बहीण आयुष्यभर समुद्रातले किडे ओळखत बसली! कुणाच्या डोक्यावर पिसांचा तुरा, कुणी वाळूचे कण चिकटवून नळीत घर करतो, कुणी अंधारात चमकतो, कुणी मेलेल्या देवमाशाच्या हाडात मुळं धरून राहतो. सुटीत ती ओसरीवर हे सांगायला बसली की माणसांचा चहा निवून जायचा.

एका दिवाळीत तिनं बाटली आणली. आत स्पिरिटमध्ये बोटाच्या पेराएवढा किडा. असा दुसरा आजवर कुणी नोंदलेला नाही, असं तिला वाटत होतं. मी त्या दिवशी किडकी बोंडं जाळत होतो. ओसरीवरच्या बाटलीत कुणीतरी धरून ठेवलेली अळीच असणार, असं समजून ती उचलून आगीत रिकामी केली. भपकन निळा जाळ उठला, तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं.

"जाळला काय रे, बाबू?" ती एवढंच म्हणाली. जेवली नाही. सकाळी मात्र पिशवी भरून दारात उभी. "चाल माह्यासंग कोकणात. बोंडातली अळी तुले लांबून दिसते. तोच डोळा पाह्यजे मले."

"मले पोहता येत नाही, ताई!"

"चिखलात कायले पोहाले लागते?"

तीन दिवस ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात तसाच जांभळ्या तुऱ्याचा किडा शोधत वाकून चाललो. कंबर मोडली. चौथ्या दिवशी एका नळीच्या तोंडाशी जांभळा तुरा हलला आणि मी बोंबललो. तिथं तसे दोन निघाले. पन्नाशीची माझी बहीण गुडघाभर चिखलात नाचली! किडा खरंच नवा ठरला. त्याच्या शास्त्रीय नावात आज घाटंजी आहे. कापसाच्या मुलखाचं नाव तिनं समुद्रात पोचवलं, हे मी मिरवणार, कुणाला काय म्हणायचं ते म्हणो.

परवा तिचं सामान घरी आलं. त्यात खाडीतल्या त्या दोन किड्यांपैकी एकाची बाटली होती. चिठ्ठीवर तिच्या अक्षरात 'शोधणारा' असं लिहून पुढे माझं पूर्ण नाव. पहिला कुणी जाळला, हे तिनं घराबाहेर कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

बाटली ओसरीवर त्याच जागी ठेवली आहे. काल किडकी बोंडं जाळायला निघालो, तर बायको ओरडली, "अहो, त्या बाटलीले हात नोका लावू!"

मी लावला. पुसली, आणि तुरा दिसेल अशी वळवून ठेवली.