मिस्त्रींची टोपी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. गिऱ्हाइकाची चूक चारचौघांत सांगायची नाही, ही त्यांची रीत. एकदा मी पेट्रोल संपलेली गाडी बिघडली समजून घाम गाळत ढकलत नेली. त्यांनी टाकीत डोकावून खणखणीत आवाजात सांगितलं, "कचरा अडकलाय," आणि गुपचूप बाटलीभर पेट्रोल ओतलं.

गेल्या दिवाळीत गल्लीची सहल अंदमानला गेली. बेटं दाखवणाऱ्या बोटीत मी सगळ्यांना विहिरीतल्या माझ्या उड्यांच्या गोष्टी सांगत होतो. त्या विहिरी मी काठावरूनच पाहिल्या होत्या. एका बेटाजवळ तळाची वाळू इतकी स्पष्ट दिसली, की पाणी गुडघाभरच वाटलं. गाइड "थांबा" म्हणेपर्यंत मी उतरलो आणि थेट बुडालो. मिस्त्रींनी कपड्यांसकट उडी टाकली आणि कॉलर धरून मला वर काढलं.

बोटीत सगळे माझ्याभोवती जमले. बायको म्हणाली, "अहो, पोहायला येतंय न्हवं तुम्हाला?"

मिस्त्रींनी पाण्यावर तरंगणाऱ्या आपल्या टोपीकडे बोट दाखवलं. "वहिनी, माझी टोपी पडलीती. ती धरायला गेलते सायेब. दोरीत पाय अडकला की."

कोल्हापुरात परतल्यावर मी त्यांना नवी टोपी नेऊन दिली. त्यांनी ती खिळ्याला अडकवली आणि गाइडनं पाण्यातून काढून दिलेली, मिठानं पांढरी पडलेली जुनीच डोक्यावर ठेवली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

"हीच बरी," मिस्त्री न हसता म्हणाले. "सायबांनी जीव धोक्यात घालून काढलीया."